खटला जिंकला, अंगण हरवले

ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीच्या प्रकरणात माघार घेतली आणि भारतातील वृत्तपत्रांनी ती बातमी अभिमानाने छापली. जखम भरून येण्यासाठी हळद वापरणे हा जणू नवा शोध आहे, असे मानून मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचे पेटंट देण्यात आले होते. शोधकर्ते म्हणून ज्या दोघांची नावे होती, ते दोघेही भारतीय वंशाचेच होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावी जन्मलेल्या आणि मुंबईच्या गिरगावात वाढलेल्या या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली संस्कृत, हिंदी आणि उर्दू साहित्यातील व जुन्या नियतकालिकांतील ३२ संदर्भ गोळा करण्यात आले आणि पेटंट रद्द झाले.

या लढ्यातील एक तपशील मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील तोंडी परंपरेला पुरावा म्हणून काहीही किंमत नव्हती. छापील कागद हवा होता. कोट्यवधी घरांत लहान मुलांच्या फुटलेल्या गुडघ्यांवर शतकानुशतके दाबली गेलेली हळद त्या निवाड्यात शून्य ठरली; पानावर छापलेली हळद तेवढी ग्राह्य मानली गेली. याचा संताप येणे स्वाभाविक होते. परंतु तो संताप आज थोडा आत वळवून पाहण्याची वेळ आली आहे. अमेरिकेच्या कायद्याने तेव्हा जे केले, तेच आता मराठी मध्यमवर्गीय घर करू लागले आहे. आजीच्या हातावर त्याचा विश्वास उरलेला नाही; बाटलीवरच्या छापील चिठ्ठीवर आहे.

पाकिटातली परंपरा

हळदीच्या पाठोपाठ कडुनिंबाचा लढाही देशाने जिंकला. अमेरिकेचे कृषी खाते आणि तेथील एक कंपनी यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगाचे पेटंट दिले होते. ते २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. दरम्यान २००१ पासून पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवून ठेवण्यात आले, जेणेकरून कोणत्याही देशातील पेटंट तपासनिसाला ते वाचता यावेत. हे काम थोर आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न असा आहे की, जपानी तपासनिसाला जे वाचता येते ते पुण्या-नागपुरातील सुनेला, मुलाला, नातवाला येते काय? ज्या घरात पेटंटच्या विजयाचा उल्लेख आजही छाती फुगवून केला जातो, त्या घराच्या गॅलरीत डोकावले तर काय दिसते? तुळशीची एक कुंडी, तीही बहुधा अर्धी सुकलेली. शेजारी शोभेची विलायती झाडे. स्वयंपाकघरात मात्र तुळशीचा अर्क बाटलीत, आवळ्याचा रस बाटलीत, कोरफडीचा गर बाटलीत आणि आल्याची पेस्ट पाकिटात. यातील प्रत्येक वस्तूवर ‘प्राचीन’, ‘शुद्ध’, ‘ऋषिमुनींचे वरदान’ असे शब्द असतात आणि ते शब्द वाचून ग्राहकाला आपण संस्कृतिरक्षणाचे काम केल्याचे समाधान मिळते.

वास्तविक पाहता हे संस्कृतिरक्षण नव्हे. पाकीट परदेशी असो वा स्वदेशी, त्यातून घरात वस्तू येते. विद्या येत नाही. अडुळशाची बाटली आणणाऱ्या मुलाला अडुळशाचे पान ओळखता येत नाही. तो कोणत्या ऋतूत लावावा, किती पाने घ्यावीत आणि कोणाला देऊ नये, हे त्याला ठाऊक नसते. बाटली संपली की त्याच्याजवळ काही उरत नाही. आजीजवळ मात्र झाड उरत असे आणि झाडाविषयीचे ज्ञानही उरत असे.

पंचांगातील पाठ्यक्रम

हे ज्ञान घराघरांत कसे पोहोचले होते? वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय आहे. पण खेड्यातील निरक्षर गृहिणीने ना वाग्भट वाचला होता, ना चरक. तिच्यापर्यंत ही विद्या सणावारांच्या वाटेने आली. पूर्वजांची खरी प्रतिभा येथे दिसते. त्यांनी शास्त्र ग्रंथात ठेवले आणि त्याची उजळणी पंचांगात लावून दिली.

चैत्र प्रतिपदेला कडुनिंबाची कोवळी पाने व फुले, गूळ, चिंच, हिंग, मिरी, जिरे, ओवा यांची चटणी पहिल्या घासाला येते. नव्या वर्षाची सुरुवात कडू चवीने करणारा हा समाज आहे. उन्हाळा चढला की माठात वाळ्याची जुडी पडते, कैरीचे पन्हे होते, कोकणात आणि गोव्यात कोकमाचे सरबत घराबाहेरून आलेल्याच्या हाती प्रथम दिले जाते. वर्षा ऋतूत अग्नी मंदावतो असे शास्त्र सांगते. म्हणून सुंठ, आले, हिंग आणि ओवा यांचा वापर वाढतो, अंगणातील गवती चहा उकळतो आणि टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्या ताटात येतात. हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्यांचा गंध श्रावणात दरवळतो; म्हणजे हळकुंड जमिनीत वाढत असतानाच तिच्या पानाची ओळख मुलांना झालेली असते.

भाद्रपदातील पत्री, नरक चतुर्दशीचे कडू कारीट आणि उटण्यातील नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, धनत्रयोदशीला धन्वंतरीपुढे ठेवलेले धणे आणि गूळ, कार्तिकातील आवळीभोजन, तुळशीच्या लग्नातील आवळे, चिंच आणि ऊस, थंडीतील डिंकाचे, मेथीचे व अळिवाचे लाडू, संक्रांतीचे तीळ ही त्याच मालिकेतील पुढची पाने आहेत. वर्षाच्या शेवटी मुलाने किमान पन्नास वनस्पती पाहिलेल्या, हाताळलेल्या, चाखलेल्या असत. त्यासाठी शाळा नव्हती, शुल्क नव्हते आणि परीक्षाही नव्हती. आजारपणात नेमके पान तोडून आणण्याची वेळ आली की तीच परीक्षा ठरे.

आज सण आहेत. किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक थाटाने आहेत. पण त्यांतील वनस्पती गळून पडली आहे. उटणे वर्षातून एकदा पाकिटात येते आणि त्यात काय आहे हे कोणी विचारीत नाही. पाडव्याला गुढीची छायाचित्रे शेकडो जणांना पाठवली जातात; कडुनिंबाची चटणी मात्र ‘मुले खात नाहीत’ म्हणून होत नाही. सणाचे कवच राहिले आहे, आतला गर सुकला आहे.

एकवीस पानांची परीक्षा

गणेशपूजेतील पत्रीचेच उदाहरण घ्यावे. माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा, मालती अशी ही एकवीस पानांची यादी आहे. प्रदेशपरत्वे तीत थोडा फरक पडतो. या यादीत माका आणि अर्जुन जसे आहेत, तसेच धोत्रा, कण्हेर आणि रुई हेही आहेत, आणि हे तिन्ही विषारी आहेत. ज्याला औषधी वनस्पती ओळखायची आहे त्याला विषारी वनस्पती आधी ओळखता आली पाहिजे, याचा हा वस्तुपाठच होय. वडीलधाऱ्यांबरोबर पहाटे पत्री गोळा करायला जाणारे मूल कोणते पान तोंडात घालायचे नाही, हेही त्याच फेरीत शिकत होते.

आज बाजारात पत्रीची जुडी मिळते. दहा-वीस रुपये दिले की काम झाले. तिच्यात कोणती पाने आहेत, हे विकणाऱ्याला अनेकदा ठाऊक नसते, घेणाऱ्याला नसते आणि पूजा सांगणाऱ्यालाही विचारायला सवड नसते. नाव ‘अर्जुनपत्रं समर्पयामि’ असे उच्चारले जाते आणि हातात येईल ते पान वाहिले जाते. देव क्षमाशील आहे. शरीर तितके क्षमाशील नाही.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर गृहसंकुलांकडे पाहावे. कुंपणाकाठी ओळीने उभ्या असलेल्या उंच, निमुळत्या झाडांना सर्रास ‘अशोक’ म्हटले जाते. वैद्यकातील अशोक तो नव्हे. शेंदरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा सीताअशोक हे निराळेच झाड आहे आणि त्याची साल औषधात वापरतात. रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ म्हणून जे रोप हाती पडते ते पुष्कळदा मंडूकपर्णीचे असते. दोन्ही गुणकारी असतील, पण दोन्ही एक नव्हेत. ज्या समाजाला आपल्या दाराशी उभे असलेले झाड नावाने ओळखता येत नाही, त्याने त्या झाडाच्या वारशाबद्दल जगाशी भांडावे, यात काही विसंगती आहे हे मान्य करावे लागेल.

गुळवेलीने दिलेला इशारा

या विस्मृतीची किंमत करोनाच्या काळात कळली. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा सुचवला. सूचना मर्यादित होती, प्रमाणही दिलेले होते. पण ज्यांच्या घरात प्रमाणाचे भान कधीच सुटले होते, त्यांनी दिवसातून चार-चार वेळा, त्यात आणखी दहा द्रव्ये घालून, तोंड येईपर्यंत काढे ढोसले. त्याच लाटेत गुळवेलीची मागणी वाढली. ती कोणी पावडरीत घेतली, कोणी रसात, तर कोणी रस्त्याकडेच्या झाडावरची वेल तोडून आणली.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेलीच्या सेवनानंतर इजा झाली होती. पुढे देशाच्या अन्य केंद्रांतूनही तशा नोंदी आल्या. त्यांतील काही रुग्णांना मुळातच स्वयंप्रतिकार विकार असल्याचेही दिसून आले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची वेलही असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

या वादात कोणाची बाजू खरी, यावर पुष्कळ वाग्युद्ध झाले. त्यात मूळ मुद्दा हरवला. डॉक्टरांचे खरे मानले, तर गुळवेल सरसकट सर्वांनी, महिनोन्‌महिने, विचारल्यावाचून घेण्याची वस्तू नाही. मंत्रालयाचे खरे मानले, तर लोकांना गुळवेल ओळखता येत नाही. दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी नेऊन पोहोचवतात. ओळख, मात्रा आणि अधिकारी व्यक्तीचा सल्ला हे तीन आधार सुटले की अमृतवल्लीही विपरीत फळ देते. तिला अमृता हे नाव देणाऱ्या वैद्यानेही ती प्रकृती, काल आणि मात्रा पाहूनच दिली असती.

उपहास आणि आंधळा अभिमान

या विषयावर बोलताना दोन टोके समोर येतात. एक टोक उपहासाचे आहे. ‘झाडपाला’ हा शब्दच नाक मुरडून उच्चारणाऱ्या सुशिक्षितांचा एक वर्ग आहे. त्यांच्या औषधाच्या कपाटात खोकल्याच्या ज्या गोळ्या आणि बाटल्या आहेत, त्यांपैकी अनेकांत ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल असते. ब्रोमहेक्सिन हे अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यापासून प्रेरणा घेऊन घडवले गेले आणि अँब्रोक्सॉल हे त्याचेच पुढचे रूप. अडुळशाचे ज्ञान प्रयोगशाळेतून फिरून आले की ते विज्ञान, आणि कुंपणावर उभे असले की तो गावंढळपणा, ही वैचारिक गुलामगिरी होय.

दुसरे टोक आंधळ्या अभिमानाचे आहे, आणि संस्कृतीचा पुरस्कार करणाऱ्यांनी त्याकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे, कारण ते त्यांच्याच घरात वाढते आहे. ‘सगळे आमच्या ग्रंथांत आहे’, ‘वनस्पतीला दुष्परिणाम नसतात’, ‘एका पानाने कर्करोग बरा’ असे संदेश भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवणारा हात आयुर्वेदाची सेवा करीत नाही. तो आयुर्वेदाला भोंदूंच्या हवाली करतो. कसोटीला भिणे ही या परंपरेची रीत कधीच नव्हती. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर तपासला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवला. सर्पगंधेला जगात मान मिळाला तो घोषणांनी नव्हे, अशा तपासणीने.

वनौषधींची मर्यादा सांगणे म्हणजे परंपरेचा अवमान, ही समजूत म्हणूनच टाकून द्यावी लागेल. अडुळसा गर्भवती स्त्रीला देऊ नये. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, हा आजच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घुटीच्या अभिमानापोटी डावलू नये. दोन-तीन दिवसांत न उतरणारा ताप, धाप, छातीतील कळ, विंचू-सापाचा दंश यांवर घरगुती उपाय करीत बसणे हा अपराध आहे. आजीचा बटवा घराच्या उंबरठ्याआतल्या किरकोळ दुखण्यांसाठी होता. उंबरठा ओलांडण्याची वेळ कोणती, हे कळणे हाही त्या बटव्यातलाच एक जिन्नस होता.

जागा नाही, वेळ नाही

उपाय सांगितला की दोन सबबी पुढे येतात. पहिली सबब जागेची. शहरातील दोन खोल्यांच्या घरात बाग कुठे फुलवायची, असे विचारले जाते. परंतु तुळस, गवती चहा, पानओवा, कोरफड आणि पुदिना या पाच वनस्पतींना गॅलरीतील पाच कुंड्या आणि थोडे ऊन एवढे पुरते. गवती चहाचा एक गड्डा फोडला की चार घरांना रोपे होतात. पानओव्याची फांदी मातीत खोचली की धरते. अडुळशाची काडी पावसाच्या आरंभी गृहसंकुलाच्या कुंपणाशी लावली तर दोन पावसाळ्यांत झुडूप होते, आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत म्हणून गावाकडे तो बांधावर लावण्याची चाल आहे. मृगाच्या सुमारास एका पसरट कुंडीत हळकुंडाचे दोन डोळे पुरले, तर श्रावणात पातोळ्यांना पाने मिळतात आणि माघ-फाल्गुनात, पाने पिवळी पडून वाळली की, ओली हळद हाती येते. जागेचा प्रश्न खरा असता तर शोभेच्या झाडांनाही जागा मिळाली नसती.

दुसरी सबब वेळेची. ती अधिक खरी आहे, कारण नोकरी आणि प्रवास यांत दिवस संपतो आणि या घरगुती विद्येचा सारा भार पूर्वी स्त्रीवरच होता. आज तो पुन्हा तिच्याच डोक्यावर टाकून पुरुषांनी संस्कृतीवर व्याख्याने द्यावीत, हे न्यायाचे नाही. कुंडीला पाणी घालणे, पान ओळखणे, काढ्याचे प्रमाण ध्यानात ठेवणे ही कामे घरातील कर्त्या पुरुषाला आणि शाळकरी मुलाला सहज जमण्यासारखी आहेत. रविवारच्या सकाळी अर्धा तास त्यासाठी काढता येत नसेल, तर उणीव वेळेची नाही, आस्थेची आहे.

जे एका घराला जड जाते ते वस्तीला सोपे असते. गणेशोत्सवाच्या आधी मंडळांनी मुलांना घेऊन, जाणत्या वैद्यासह किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकासह पत्रीची एक फेरी काढावी. झाडे ओरबाडण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी. केवड्यासारखे दुर्मीळ होत चाललेले पान एखाद्या वर्षी कमी पडले तर त्याऐवजी अक्षता वाहाव्यात आणि तेच झाड पुढच्या पावसाळ्यात लावावे. हळदीकुंकवाच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी तुळशीची रोपे वाटावीत. गृहसंकुलाच्या आवारात एक खरा सीताअशोक लावून त्याखाली त्याच्या नावाची पाटी उभारावी. ज्या घरांत वृद्ध आजी-आजोबा आहेत, त्या घरांतील नातवंडांनी एक वही करावी. कोणते पान, कोणत्या ऋतूत, किती, कशाबरोबर आणि कोणाला वर्ज्य, हे आजीच्या शब्दांत उतरवून घ्यावे आणि मग ते वैद्याकडून तपासून घ्यावे. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ किंवा डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ ज्यांच्या कपाटात धूळ खात आहे, त्यांनी तो त्या वहीशेजारी उघडावा.

सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात राहून येथील औषधींची माहिती विचारून घेतली आणि १५६३ मध्ये तिचे पुस्तक गोव्यातच छापले. पुढच्या शतकात डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करताना इट्टी अच्युतन या वैद्याची आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांची मदत घेतली. त्या तिघांनी दिलेली नागरी लिपीतील साक्ष आजही त्या ग्रंथात पाहायला मिळते. परके आले, त्यांनी विचारले आणि लिहून ठेवले. घरची मुले मात्र आजीजवळ बसली नाहीत, त्यांनी विचारले नाही आणि आजीबरोबर ते ज्ञान गेले. ही लूट कोणत्याही परकीय कंपनीने केलेली नाही, आणि तिच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही.

हळदीच्या खटल्यात ३२ छापील पुरावे सादर करावे लागले. उद्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारले की, हळदीचे झाड कसे दिसते, तिचे पान कधी येते आणि हळकुंड केव्हा खणतात, तर त्याला एकही पुरावा न शोधता, गॅलरीतील कुंडीकडे बोट दाखवून उत्तर देता आले पाहिजे. येत्या मृगात ती कुंडी भरली जाते की नाही, यावर त्या विजयाचा अर्थ ठरेल.